परवानगी, इच्छा आणि विनंती : इंग्रजीची रीत

आजच्या प्रमाण इंग्रजीत समोरच्याशी बोलायला 'यू' हे एकच सर्वनाम आहे. नातवालाही 'यू' आणि कचेरीतल्या साहेबांनाही 'यू'च. मराठीत तू, तुम्ही, आपण या सर्वनामांनी आणि 'ये', 'या', 'यावे' या रूपांनी जे सहज साधते, त्यासाठी इंग्रजीत सर्वनामाची सोय उरलेली नाही. तिथे आदर, संकोच, आर्जव हे सगळे वाक्याच्या बांधणीतून आणि विशेषतः सहायक क्रियापदांतून व्यक्त होते. इंग्रजीचे शब्दभांडार चांगले असूनही एखाद्या मराठी माणसाचे इंग्रजी बोलणे कधी तुटक, तर कधी फाजील औपचारिक वाटते. त्याचे कारण पुष्कळदा या बांधणीत सापडते.

ही स्थिती पूर्वीपासूनची नाही. शेक्सपिअरच्या काळात, म्हणजे १६०० च्या आसपास, इंग्रजीत 'दाऊ' आणि 'यू' अशी दोन सर्वनामे प्रचारात होती. 'दाऊ' हे एकवचनी, सलगीचे किंवा कनिष्ठासाठीचे. 'यू' हे अनेकवचनी आणि आदरार्थी. सतराव्या शतकात सर्वांनाच 'यू' म्हणण्याची रीत पसरत गेली आणि 'दाऊ' प्रार्थनेत, काव्यात आणि इंग्लंडच्या काही बोलींत उरले. त्याच शतकात उदयाला आलेल्या क्वेकर पंथाने मात्र उलट वाट धरली. देवापुढे सगळी माणसे सारखी, मग बड्यांना वेगळे सर्वनाम कशाला, या विचाराने ते लहानथोर सर्वांना एकवचनीच संबोधत आणि त्यापायी लोकांचा रोषही ओढवून घेत. पुढे भेद मिटला तो आदरार्थी 'यू'च्या बाजूने. सर्वनामातून मान दाखवण्याची वाट त्यामुळे बंद झाली. क्रियापदांवरचा भार वाढण्याचे हेच एकमेव कारण आहे असे नाही, पण इंग्रजीची आजची रीत समजून घ्यायला इथून सुरुवात करणे सोयीचे पडते.

नऊ सहायक क्रियापदे

परवानगी, इच्छा आणि विनंती या तिन्हींचा डोलारा मुख्यतः नऊ शब्दांवर उभा आहे : कॅन, कुड, मे, माइट, विल, वुड, शॅल, शुड आणि मस्ट. ही क्रियापदे इतरांसारखी चालत नाहीत. 'ही'पुढे आली तरी त्यांना 'एस' लागत नाही आणि त्यांच्यानंतर 'टू' येत नाही. 'ही कॅन स्विम' हे बरोबर, 'ही कॅन्स टू स्विम' हे चूक.

जुन्या इंग्रजीत यांना स्वतःचे ठसठशीत अर्थ होते. 'कॅन' म्हणजे जाणणे. संस्कृतमधला 'ज्ञा' आणि मराठीतले 'जाणणे' ही याच इंडो-युरोपीय धातूची भावंडे आहेत. 'मे' म्हणजे अंगी बळ असणे, 'विल' म्हणजे इच्छा असणे आणि 'शॅल' म्हणजे देणे लागणे. 'मस्ट' हे ज्या क्रियापदाचे जुने भूतकाळी रूप आहे, त्याचा अर्थ मुभा असणे असा होता. आज तोच शब्द सक्ती सांगतो. अर्थ असे सरकत गेले, तरी चार जोड्या शाबूत राहिल्या : कॅन-कुड, मे-माइट, विल-वुड, शॅल-शुड. प्रत्येक जोडीतला दुसरा शब्द मूळचा भूतकाळी आहे.

सगळ्या विषयाची मेख या भूतकाळी रूपात आहे. इंग्रजीत ते तीन प्रकारचे अंतर दाखवते. पहिले काळाचे : 'लहानपणी तिला पोहता यायचे' हे 'कुड'ने सांगतात. दुसरे वास्तवापासूनचे : 'मला पंख असते तर' अशी कल्पना भूतकाळी रूपानेच मांडली जाते. तिसरे माणसामाणसांतले : समोरच्यावर दबाव येऊ नये म्हणून बोलणारा दोन पावले मागे सरून बोलतो, तेव्हाही हेच रूप वापरतो. मराठी माणसाला हे परके वाटू नये. 'मला जरा एक विचारायचं होतं' असे आपण म्हणतो, तेव्हा विचारायचे त्याच क्षणी असते. 'होतं' तिथे काळ दाखवत नाही, भीड दाखवते. इंग्रजीने हीच युक्ती फार दूरवर नेली आहे.

परवानगी मागणे आणि देणे

परवानगी मागायला इंग्रजीत तीन रूपे मुख्य आहेत. 'कॅन आय सिट हिअर?' हे रोजच्या व्यवहारातले. 'कुड आय सिट हिअर?' हे जरा अदबीचे, अनोळखी माणसाशी बोलताना शोभणारे. 'मे आय सिट हिअर?' हे औपचारिक. 'माइट आय' असेही एक रूप आहे, पण ते आता क्वचितच ऐकू येते. मराठीत हे सगळे 'इथे बसू का?' या एका वाक्यात मावते आणि कमीजास्त अदब स्वरातून किंवा 'जरा'सारख्या शब्दातून येते. अलीकडे 'मी इथे बसू शकतो का?' असेही ऐकू येते. त्यात 'कॅन'ची छाया दिसते. परवानगी मागताना मराठीची स्वाभाविक रीत '-ऊ का' हीच आहे.

'कॅन' म्हणजे क्षमता आणि 'मे' म्हणजे परवानगी, हा भेद इंग्रजी शाळांत पिढ्यान्‌पिढ्या घोकून घेतला गेला. सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५ च्या आपल्या कोशातही ही दोन क्रियापदे अशीच वेगळी केली होती. प्रत्यक्ष बोलण्यात मात्र परवानगीसाठी 'कॅन' केव्हाच रुळले आहे आणि आजचे व्याकरणकार त्याला चूक मानत नाहीत. आपल्याकडच्या वर्गाच्या दारातले 'मे आय कम इन, सर?' हे शाळेच्या शिस्तीला धरून आहे. मित्राच्या घरात शिरताना मात्र तेच वाक्य अवघडल्यासारखे वाटेल.

परवानगी देताना नियम बदलतो आणि शिकणाऱ्याची गफलत बहुतेक इथेच होते. 'कुड आय यूज युवर फोन?' या प्रश्नाला 'येस, यू कुड' असे उत्तर देत नाहीत. 'येस, यू कॅन', 'शुअर, गो अहेड' किंवा 'ऑफ कोर्स' असे म्हणतात. मागणारा मागे सरून बोलतो, कारण नकाराला जागा ठेवायची असते. देणाऱ्याला ती जागा ठेवण्याची गरजच नसते. 'यू मे' हे उत्तर चुकीचे नाही, पण त्यात अधिकाराचा सूर आहे. 'यू मे गो नाऊ' हे वरिष्ठाने कनिष्ठाला म्हणावे. बरोबरीच्या माणसाला म्हटले तर तो दुखावण्याचा संभव असतो.

'डू यू माइंड इफ आय ओपन द विंडो?' हा प्रश्नही असाच फसवा आहे. 'माइंड' म्हणजे हरकत असणे. खिडकी उघडायला हरकत नसेल तर उत्तर 'नो, नॉट ॲट ऑल' असे नकारार्थी येते, आणि तो नकार म्हणजेच होकार. घाईत 'येस' म्हटले तर व्याकरणाप्रमाणे त्याचा अर्थ 'हो, हरकत आहे' असा होतो. हाच प्रश्न 'वुड यू माइंड'ने सुरू केला, तर पुढचे क्रियापदही मागे सरकते आणि 'ओपन'चे 'ओपन्ड' होते. खिडकी अजून उघडायची आहे, तरी रूप भूतकाळी.

नकार देतानाही हेच तंत्र चालते. 'यू कान्ट' हा सरळ नकार. 'आय अॅम अफ्रेड यू कान्ट' यातल्या 'अफ्रेड'चा भीतीशी काही संबंध नाही. 'माफ करा, पण नाही जमणार' इतकाच त्याचा भाव. 'आय वुड रादर यू डिडन्ट' म्हणजे 'तुम्ही ते न केलेलं बरं'. इथे 'डिडन्ट' हे रूप भूतकाळी असले, तरी बोलणे पुढच्या कृतीविषयी आहे. 'यू मे नॉट' आणि 'यू मस्ट नॉट' ही नियमाच्या पाटीवरची भाषा आहे. 'मस्ट नॉट' आणि 'डू नॉट हॅव टू' यांची गल्लतही नेहमी होते. पहिल्याचा अर्थ 'करायचे नाही', दुसऱ्याचा 'केलेच पाहिजे असे नाही'.

भूतकाळातल्या परवानगीत आणखी एक बारकावा आहे. एरवीची मुभा 'कुड'ने सांगता येते : शाळेत असताना आम्हाला रविवारी उशिरापर्यंत खेळता यायचे. पण एखाद्या ठरावीक दिवशी परवानगी मिळाली आणि ते काम झाले, असे सांगायचे तर 'वॉज अलाउड टू' लागते. काल डॉक्टरांनी रुग्णाला भेटू दिले, हे 'कुड'ने सांगितले तर इंग्रजी कानाला खटकते.

'मे'चा परवानगीवाचक अर्थ कायद्याच्या भाषेत फार मोलाचा ठरतो. भारतातले केंद्रीय कायदे इंग्रजीतही असतात. त्यांत 'मे' म्हणजे अधिकाऱ्याला दिलेली मुभा आणि 'शॅल' म्हणजे बंधन, असा सर्वसाधारण संकेत आहे. तरीही कायद्याचा हेतू आणि संदर्भ पाहून न्यायालये कधी 'मे'चा अर्थ बंधनकारक लावतात, तर कधी 'शॅल'चा अर्थ केवळ मार्गदर्शक. एवढ्याशा शब्दावर खटल्याचा निकाल फिरू शकतो.

इच्छा : घडण्याजोगी आणि हातची गेलेली

साध्या इच्छेसाठी 'आय वाँट' आहे, पण दुकानात, हॉटेलात किंवा कचेरीत ते रोखठोक वाटते. 'आय वाँट अ कॉफी' हे लहान मुलाच्या हट्टासारखे ऐकू येते. तिथे 'आय वुड लाइक अ कॉफी' म्हणायचे. यातले 'वुड' पुन्हा तेच मागे सरणे आहे. 'आय विश टू स्पीक टु द मॅनेजर' असे 'विश'पुढे 'टू' घेणारे रूप फार औपचारिक आहे आणि तक्रारीच्या सुरात शोभते.

'होप' आणि 'विश' हे दोन्ही शब्द मराठीत बोलताना एकाच 'इच्छे'त मिसळतात. इंग्रजीत त्यांची क्षेत्रे वेगळी आहेत. जे घडू शकते, ज्याची आशा धरता येते, तिथे 'होप' : 'आय होप यू पास'. जे आज खरे नाही किंवा घडणे अवघड आहे, तिथे 'विश'. म्हणून 'आय विश यू विल पास' हे वाक्य इंग्रजीत चूक ठरते. पुढे नाम आले तर मात्र 'विश' शुभेच्छेचे काम करते : 'आय विश यू लक', 'वी विश यू अ हॅपी न्यू इयर'.

'विश'नंतरचे क्रियापद नेहमी एक पायरी मागे जाते. आज मला फ्रेंच येत नाही आणि यायला हवे होते असे वाटते, तर 'आय विश आय न्यू फ्रेंच'. इथे 'नो'चे भूतकाळी रूप 'न्यू' आले, पण गोष्ट आजची आहे. शाळेत असताना फ्रेंच शिकलो नाही याची आज हळहळ वाटते, तर 'आय विश आय हॅड लर्न्ट फ्रेंच'. गोष्ट खरोखरच मागची असल्याने क्रियापद आणखी एक पायरी मागे गेले. शेजारी रात्री मोठ्याने गाणी लावतो आणि त्याने ते थांबवावे असे वाटते, तर 'आय विश ही वुड स्टॉप'. या 'वुड'मध्ये वैतागाची छटा आहे. ते दुसऱ्याच्या वागण्याबद्दलच वापरतात, स्वतःबद्दल सहसा वापरत नाहीत. 'इफ ओन्ली'ने सुरू होणारी वाक्ये याच नियमाने चालतात, फक्त त्यांत तळमळ अधिक असते.

मराठी व्याकरणात शिकवल्या जाणाऱ्या स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ या चार अर्थांची इथे मदत होते. 'पाऊस पडला असता तर पीक आले असते' या संकेतार्थात मराठीही वास्तवापासून दूर जाण्यासाठी 'असता', 'असते' अशी रूपे योजते. 'मला पहिला वर्ग मिळावा' ही इच्छा विध्यर्थाने सांगते. इंग्रजीने यातली बहुतेक खास रूपे गमावली आणि ते काम भूतकाळी रूपांकडे सोपवले. जुन्या व्यवस्थेची एक खूण 'आय विश आय वेअर'मध्ये उरली आहे. एरवी 'आय'बरोबर 'वॉज' येते. बोलण्यात इथेही 'वॉज' सर्रास ऐकू येते, पण काळजीपूर्वक लिहिताना 'वेअर'ला पसंती मिळते.

आशीर्वाद आणि प्रार्थना यांत जुनी रूपे अधिक टिकली. 'गॉड सेव्ह द किंग' यात 'सेव्ह'ला 'एस' नाही, कारण ते विधान नव्हे, इच्छा आहे. मराठीत 'देव तुझं भलं करो' यातल्या 'करो'चे जे काम, तेच इथे त्या एस-विरहित रूपाचे. 'लाँग लिव्ह', 'गॉड ब्लेस यू' हेही त्याच घडणीचे. 'मे यू लिव्ह लाँग' अशी 'मे'ने सुरू होणारी शुभेच्छा भाषणात किंवा भेटकार्डावर शोभते. रोजच्या निरोपाचे 'गुडबाय'ही मुळात 'देव तुमच्यासोबत असो' अशा अर्थाच्या इच्छावाक्याचे आटलेले रूप आहे.

विनंतीच्या पायऱ्या

विनंतीत समोरच्याने काही करावे असे सुचवायचे असते, आणि त्यामुळे त्याच्या मोकळिकीवर थोडे तरी अतिक्रमण होते. पेनेलोपी ब्राउन आणि स्टीफन लेव्हिन्सन या अभ्यासकांनी १९७८ मध्ये आणि पुढे १९८७ च्या पुस्तकात याची मांडणी केली. त्यासाठी त्यांनी इंग्रजीबरोबर मेक्सिकोतली त्सेल्ताल आणि तमिळनाडूतली तमिळ या भाषांचा आधार घेतला होता. विनंती किती आडवळणाने करायची हे तीन गोष्टींवर ठरते, असे ते सांगतात : दोघांतली ओळख किती, अधिकार कोणाचा जास्त आणि मागितलेली गोष्ट किती भारी.

पेन मागण्याचे उदाहरण घ्यावे. 'गिव्ह मी युवर पेन' हा हुकूम झाला. 'प्लीज' जोडले तरी तो मवाळ हुकूमच राहतो. 'कॅन आय बॉरो युवर पेन?' हे शेजारच्या सहकाऱ्याला पुरते. 'कुड यू लेंड मी युवर पेन?' हे बँकेतल्या अनोळखी माणसाला. 'वुड यू माइंड लेंडिंग मी युवर पेन?' हे त्याहून अदबीचे. आता पेनाच्या जागी दोन दिवसांसाठी गाडी मागायची आहे असे समजू. मग वाक्य लांबते : 'आय वॉज वंडरिंग इफ यू कुड पॉसिबली लेंड मी युवर कार'. यात दबाव कमी करणारे पाच थर आहेत. 'वंडरिंग' म्हणजे मी मागत नाही, नुसता मनाशी विचार करतो आहे. 'वॉज' म्हणजे तो विचारही मागचा. क्रियापदाचे चालू रूप म्हणजे तो अजून पक्का झालेला नाही. 'इफ' आणि 'कुड' मिळून 'जमत असेल तर'. 'पॉसिबली'ने आणखी एक सुटकेची वाट. मराठीत 'तुम्हाला जमलं असतं तर… म्हणून विचारत होतो' असे आपण म्हणतो, त्याच्या हे अगदी जवळ जाते.

मात्र पायरी जितकी वरची तितके चांगले, असा हिशेब नाही. घरच्या माणसाकडे मीठ मागताना लांबलचक वाक्य योजले, तर काहीतरी बिनसले आहे असा त्याचा अर्थ होतो. मिठाचे उदाहरण भाषेच्या तत्त्वज्ञानात प्रसिद्धच आहे. 'कॅन यू पास द सॉल्ट?' हे वरवर पाहता क्षमतेबद्दल विचारणे आहे. पण ऐकणारा नुसते 'येस' म्हणून बसून राहिला, तर त्याने विनंती धुडकावली असे होते. जॉन सर्ल यांनी १९७५ मध्ये अशा अप्रत्यक्ष वाक्यांचा विचार केला आणि प्रश्नाच्या वेषातली विनंती लोक कशी ओळखतात हे दाखवले. आपल्याकडे 'जरा तेवढं दार लावता का?' हाही प्रश्न नसून विनंतीच असते.

प्रश्नरूपी विनंतीची ही सवय इंग्रजीत फार जुनी नाही. शेक्सपिअरच्या काळात आज्ञार्थी क्रियापद सरळ वापरत आणि जोडीला 'आय प्रे यू', म्हणजे 'मी तुम्हाला विनवतो', असे शब्द घालत. त्याचा संक्षेप होऊन नुसते 'प्रे' उरले. पुढे त्याची जागा 'प्लीज'ने घेतली. 'तुमची मर्जी असेल तर' अशा अर्थाच्या पूर्ण वाक्यांशाचे हे आखूड रूप आहे. जोनाथन कल्पेपर आणि जेन डेमेन यांनी जुनी कागदपत्रे तपासून २०११ मध्ये दाखवले, की 'कॅन यू' आणि 'कुड यू' या साच्यातल्या विनंत्या एकोणिसाव्या शतकापूर्वी विरळच होत्या. प्रत्येक माणसाचे स्वतःचे स्वातंत्र्य ही कल्पना त्या शतकातल्या ब्रिटनमध्ये बळावली आणि दुसऱ्याच्या मोकळिकीला धक्का न लावणारी ही भाषा तिच्याबरोबर फोफावली, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

देश तशी रीत

आडवळणाची विनंती म्हणजेच सभ्यता, हे जगभराचे माप नव्हे. पोलंडमध्ये जन्मलेल्या भाषाशास्त्रज्ञ अॅना विअर्झबिका यांनी १९८५ मध्ये दाखवून दिले, की पोलिशमध्ये सरळ आज्ञार्थ वापरला तरी तो उद्धटपणा ठरत नाही. इंग्रजीची सवय ही एका संस्कृतीची सवय आहे, असा त्यांचा आग्रह होता. मराठीतही घरच्या माणसांत 'पाणी दे गं' हे पुरेसे प्रेमळ असते. आपुलकी असताना भीड कमी, हा तिथला न्याय आहे.

खुद्द इंग्रजी बोलणाऱ्या देशांतही एकवाक्यता नाही. लिन मर्फी आणि राकेले द फेलीचे यांनी ब्रिटन आणि अमेरिकेतल्या कार्यालयीन ईमेलची तुलना केली, तेव्हा ब्रिटिशांच्या विनंत्यांत 'प्लीज' सुमारे दुप्पट आढळले. म्हणून अमेरिकी लोक उर्मट ठरत नाहीत. साध्या मागणीला 'प्लीज' जोडले तर तिथे कधी ते काकुळतीला आल्यासारखे, तर कधी दटावल्यासारखे वाटू शकते. ते आभार मानून किंवा अन्य शब्दांनी तीच अदब राखतात.

भारतीय इंग्रजीची घडण ब्रिटिश राजवटीतल्या दफ्तरी पत्रव्यवहारात झाली. 'काइंडली', 'आय बेग टू', 'डू द नीडफुल' हे शब्दप्रयोग त्या काळच्या ब्रिटिश पत्रांतले. तिकडे ते मागे पडले, इकडे अर्जांत आणि सरकारी पत्रांत टिकले. भारतीय वाचकाला 'काइंडली' नम्र वाटते. आजच्या ब्रिटिश कानाला मात्र 'काइंडली रिप्लाय' यात पुष्कळदा नाराजी किंवा ताकीद ऐकू येते. 'प्लीज सेंड द रिपोर्ट टुडे' यातही 'प्लीज' असूनही वाक्य आज्ञार्थीच राहते. सूचनेसाठी ते योग्य, पण बरोबरीच्या सहकाऱ्याला किंवा परदेशी ग्राहकाला लिहिताना 'कुड यू प्लीज सेंड' अधिक सांभाळून घेणारे ठरते.

मराठी माणसाने नवे काही फार शिकायचे नाही. 'विचारायचं होतं' आणि 'जमलं असतं तर' ही वळणे त्याच्या तोंडी आहेतच. मराठीत सर्वनाम आणि क्रियापदाचे प्रत्यय जो मान राखतात, तो इंग्रजीत 'कॅन'ऐवजी 'कुड', 'वाँट'ऐवजी 'वुड लाइक' आणि हुकमाऐवजी प्रश्न यांनी राखायचा. परवानगी मागताना, हातची गेलेली इच्छा सांगताना आणि विनंती करताना क्रियापद एक पायरी मागे न्यायचे, आणि परवानगी देताना किंवा आपल्या माणसांत बोलताना ते मोकळेपणाने पुढे आणायचे, एवढे ध्यानात ठेवले की बहुतेक प्रसंग निभावतात.